पानवलचा पूल एवढा उंच का, आणि तो तसाच का बांधला?

प्रश्न असा आला आहे: "रत्नागिरीहून सावंतवाडीकडे जाताना निवसरच्या आधी गाडी एका खूप उंच पुलावरून जाते. खाली बघितलं तर नदी एवढीशी. एवढ्याशा पाण्यासाठी एवढा पूल कशाला? भराव घालून खाली मोरी ठेवली असती तर चाललं नसतं का? आणि ते उंच खांब आतून पोकळ आहेत म्हणे. मग वाऱ्यापावसात ते टिकतात कसे?"

तो पानवल नदीचा व्हायाडक्ट, म्हणजे खांबांच्या रांगेवरून जाणारा लांब, उंच पूल. मुंबईकर हमखास पनवेल समजतात, पण पनवेलचा इथे काही संबंध नाही. पानवल हे रत्नागिरीजवळचं गाव. पुलाची लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. म्हणजे वीस मजली इमारत खाली आरामात उभी राहील. पाण्याच्या हिशेबाने पाहिलं तर हा पूल वेडेपणाच वाटेल. पण हा पूल पाण्यासाठी नाहीच. तो दरीसाठी आहे.

नेहमीच्या नदीवरच्या पुलात आम्ही आधी पुराची पातळी विचारतो. महापूर कुठवर येतो, किती पाणी वाहतं, पायाखालची माती किती खोलवर धुऊन जाईल. व्हायाडक्टच्या कामात हे प्रश्न दुय्यम असतात. तिथे रस्त्याचा किंवा रुळांचा चढ-उतार आधीच ठरलेला असतो आणि जमीन मध्येच खाली गेलेली असते. कोकण रेल्वेचा जास्तीत जास्त चढ १५० ला १ (१५० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर) ठरवला होता आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी घ्यायची नाही असं धोरण होतं. आता गणित करा. ६४ मीटर खाली उतरायचं तर या चढाने साडेनऊ किलोमीटरहून जास्त अंतर लागेल आणि पलीकडे वर यायला पुन्हा तेवढंच. पानवलची दरी अर्धा किलोमीटरसुद्धा रुंद नाही. कसारा घाटात ३७ ला १ असा चढ आहे, तिथे आजही गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. कोकण रेल्वे बांधणाऱ्यांना ती भानगड नको होती, म्हणून डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की व्हायाडक्ट, असा सरळ हिशेब झाला.

आता भराव. हा प्रश्न चांगला आहे, कारण छोट्या दरीत आम्ही खरंच भरावच घालतो. पण भरावाचं वैशिष्ट्य असं की उंची दुप्पट झाली की माती जवळजवळ चौपट लागते. बाजूचा उतार एकास दोन (१ मीटर उंचीला २ मीटर रुंदी) धरा आणि वरची रुंदी सात मीटर. वीस मीटर उंचीच्या भरावाला प्रत्येक मीटर लांबीमागे ९४० घनमीटर माती लागते. ६४ मीटरला तीच ८,६४० घनमीटर होते आणि तळाची रुंदी २६३ मीटर. दहा घनमीटरचा डंपर धरला तर पुलाच्या एका मीटरसाठी साडेआठशेहून जास्त खेपा. शिवाय एवढ्या उंच भरावाला मध्ये मध्ये सपाट टप्पे सोडावे लागतात, म्हणजे रुंदी आणखी वाढते. ती माती आणायची कुठून? कोकणात वर जांभा आणि त्याखाली मऊ, निसरडी माती, जी पावसात सुटते. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. अशा मातीचा ६४ मीटरचा ढीग रचून त्यावरून गाड्या न्यायच्या, हे मी तरी सही करून देणार नाही. ढोबळमानाने वीस मीटरच्या पुढे भराव आणि व्हायाडक्ट यांच्या खर्चाची तुलना करायची आणि तीसच्या पुढे भरावाचा विचार सोडून द्यायचा. जमीन संपादनाचा खर्च धरला तर हा आकडा अजून खाली येतो.

इथवर "का" झालं. माझ्या दृष्टीने खरी गंमत "कसा" मध्ये आहे. लोक समजतात की इंजिनिअर आधी पूल कागदावर काढतो आणि मग तो बांधायचा कसा हे ठेकेदार बघतो. व्हायाडक्टच्या बाबतीत उलट असतं. बांधायची पद्धत आधी ठरते आणि पुलाचा आकार, गाळ्यांची लांबी (दोन खांबांमधलं अंतर), खांबांची जाडी हे सगळं तिच्या मागून येतं.

साधा स्लॅब टाकताना खालून परांची उभी करतात, सेंटरिंग लावतात, वर काँक्रीट ओततात. ६४ मीटर खोल दरीत हे करायचं म्हणजे पुलापेक्षा परांचीच महाग. क्रेनने गर्डर, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळया, उचलायच्या तर तेवढी क्रेन दरीत उतरवायला आधी रस्ता करा. म्हणून पानवलला इन्क्रिमेंटल लाँचिंग वापरलं, भारतात पहिल्यांदाच. ही पद्धत जर्मन इंजिनिअर फ्रिट्झ लिओनहार्ट आणि विली बाउर यांनी साठच्या दशकात व्हेनेझुएलातल्या कारोनी नदीवरच्या पुलाच्या निमित्ताने विकसित केली होती.

पद्धत अशी. दरीच्या एका काठावर, अबटमेंटच्या (पुलाचं टोक जिथे टेकतं त्या काठावरच्या भिंतीच्या) मागे, एकाच जागी कायमचा साचा लावायचा. त्यात पुलाच्या बॉक्स गर्डरचा, म्हणजे पेटीसारख्या पोकळ तुळईचा, एक तुकडा ओतायचा. तो पक्का झाला की प्रीस्ट्रेसच्या, म्हणजे काँक्रीट आधीच दाबून धरणाऱ्या पोलादी, केबल्स ताणायच्या आणि जॅक लावून सगळाच्या सगळा तुकडा दरीच्या दिशेने पुढे ढकलायचा. रिकाम्या साच्यात पुढचा तुकडा आधीच्याला चिकटवूनच ओतायचा, पुन्हा दोन्ही मिळून ढकलायचे. सोऱ्यातून शेव पडते तसा पूल एका टोकातून बाहेर येत जातो, फक्त आडवा. काम सगळं जमिनीवर, एकाच शेडखाली होतं. त्यामुळे काँक्रीटचा दर्जा हातात राहतो आणि कामगाराला ६४ मीटरवर लोंबकळावं लागत नाही.

पण याची किंमत द्यावी लागते. तयार पुलात खांबावरचा भाग कायम खांबावरच असतो, तिथे वरच्या बाजूला ताण येतो. गाळ्याच्या मधल्या भागात ताण खालच्या बाजूला. इंजिनिअर त्याप्रमाणे केबल्स वर-खाली फिरवतो. ढकलत नेलेल्या पुलाचा मात्र प्रत्येक तुकडा कधी खांबावर असतो, कधी दोन खांबांच्या मधोमध. आज वर ताण, आठवड्याभराने खाली. म्हणून ढकलताना वर आणि खाली दोन्हीकडे सारखा प्रीस्ट्रेस ठेवावा लागतो आणि पूल जागेवर पोहोचला की चालत्या गाडीच्या भारासाठी आणखी केबल्स ओढाव्या लागतात. बॉक्सची उंची पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी ठेवावी लागते. पूल सरळ तरी हवा, नाहीतर एकाच त्रिज्येच्या वळणावर. मध्येच वळण बदललं की तो मागच्या वाटेने पुढे सरकूच शकत नाही.

सगळ्यात नाजूक क्षण पुढचं टोक हवेत असतानाचा. तयार पुलात खांबावर जेवढं वाकवणारं बल येतं, त्याच्या सहापट बल पुढचा अख्खा गाळा हवेत लोंबकळत असताना येतं. हे पाठ्यपुस्तकातलं साधं गणित आहे: एक बटा बारा विरुद्ध एक बटा दोन. एवढं बल घेण्यासाठी पूल जाड केला तर सगळा खर्च वाया. म्हणून पुढे लोखंडी नाक लावतात, साइटवर त्याला नोजच म्हणतात. ते काँक्रीटपेक्षा खूप हलकं असतं आणि गाळ्याच्या साठ-सत्तर टक्के लांबीचं. काँक्रीट मागे असतानाच नोज पुढच्या खांबावर जाऊन टेकतं आणि भार वाटला जातो. पानवलचे बहुतेक गाळे चाळीस मीटरच्या आसपास आहेत. या पद्धतीला ती लांबी मानवते. साठ-सत्तर मीटरचा गाळा हवा असता तर मध्ये तात्पुरते खांब उभे करावे लागले असते, म्हणजे पुन्हा दरीत उतरणं आलं.

लाँचिंगच्या दिवशी खांबाच्या माथ्यावर काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं असतं. तिथे काँक्रीटच्या ठोकळ्यावर गुळगुळीत स्टेनलेस स्टीलचा पत्रा असतो. त्यावर रबराचे चौकोनी पॅड ठेवतात. त्यांच्या एका बाजूला टेफ्लॉन असतं. टेफ्लॉनची बाजू खाली, पत्र्यावर सरकणारी, रबराची बाजू वर, गर्डरला धरून राहणारी. पूल मिनिटाला काही सेंटिमीटर अशा गतीने सरकतो. पॅड पुढच्या बाजूने बाहेर पडतो, माणूस तो उचलतो, पुसतो आणि मागच्या बाजूने पुन्हा आत सरकवतो. दिवसभर हेच. आता एखाद्या कंटाळलेल्या पोराने पॅड उलटा घातला, तर रबर पत्र्याला धरतं, घर्षण एकदम वाढतं आणि सरकणारा पूल खांबाचा माथा आपल्याबरोबर ओढायला लागतो. म्हणून प्रत्येक खांबावर वॉकीटॉकी आणि जॅक बंद करणारं बटण असतं, आणि माथा किती हलला हे खालून दुर्बिणीने सतत मोजत असतात. कामावर असताना मी नवीन इंजिनिअरला आधी या पॅडवर बसवायचो. कॉम्प्युटरवरचं मॉडेल नंतर.

घर्षण किती, तर सगळं नीट असेल तर भाराच्या चारेक टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. समजा एका खांबावर ५०० टन भार आहे, म्हणजे माथ्यावर २० टनांची आडवी ओढ. खांब ६० मीटर उंच असेल तर तळाशी तिचं वाकवणारं बल १,२०० टन-मीटर होतं. उंच खांबाचा शत्रू वजन कधीच नसतो. वजन काँक्रीट आरामात पेलतं. शत्रू असतो आडवा जोर: ढकलतानाचा, वाऱ्याचा, भूकंपाचा, गाडीच्या ब्रेकचा.

आणि म्हणूनच खांब पोकळ. तुमच्या शंकेचं उत्तर इथे आहे. चार मीटर व्यासाचा भरीव गोल खांब घ्या. आतून ३.२ मीटर व्यासाचं काँक्रीट काढून टाका, चाळीस सेंटिमीटरची भिंत उरेल. काँक्रीट उरलं फक्त ३६ टक्के, पण वाकण्याला विरोध करायची ताकद उरली ५९ टक्के. मधलं काँक्रीट वाकण्याच्या कामात जवळजवळ फुकट बसून खात असतं. उलट ते नुसतं वजन असतं, आणि भूकंपात वजन जास्त तर धक्का जास्त. वाचलेल्या काँक्रीटमध्ये बाहेरचा घेर थोडा वाढवला की खांब भरीव खांबापेक्षा हलकाही होतो आणि ताठही. शिवाय जाड भरीव काँक्रीट आतून तापतं आणि बाहेरून लवकर थंड होतं, त्यामुळे तडे जायची भीती. पोकळ खांबाला तीही कमी. आतून शिडी लावता येते, तपासणीला माणूस जाऊ शकतो. हे खांब बहुधा स्लिपफॉर्मने चढवतात: साचा काढायचा नाही, जॅकवर हळूहळू वर सरकवत राहायचा, खाली काँक्रीट पक्कं होत जातं. एकदा सुरू केलं की रात्रपाळी-दिवसपाळी काम थांबत नाही.

उष्णतेचा मुद्दा राहिला. ४२४ मीटरचा सलग पूल वीस अंशांच्या फरकाने साधारण दहा सेंटिमीटर लांब-आखूड होतो. त्याला कुठे तरी घट्ट धरावं लागतं आणि बाकी ठिकाणी बेअरिंगवर (खांब आणि गर्डर यांच्यामधल्या टेकूवर) सरकू द्यावं लागतं. घट्ट कुठे धरायचा? जिथे धरू तिथे ब्रेकचा सगळा जोर येणार, म्हणून साधारणपणे आखूड, ताठ खांब किंवा अबटमेंट निवडतात. फ्रान्समधल्या मियोच्या व्हायाडक्टवर हा प्रश्न फारच मोठा होता: लांबी २,४६० मीटर, रस्ता टार्न नदीच्या २७० मीटर वर. तिथे खांब वरच्या ९० मीटरमध्ये दोन बारीक पायांत फाकवले आहेत. खालून ताठ, वरून लवचीक, म्हणजे पूल प्रसरण पावला की पाय थोडे वाकतात. फोटोत ते नक्षीकाम वाटतं. तोही पूल ढकलतच नेला, फक्त काँक्रीटऐवजी पोलादाचा आणि दोन्ही काठांकडून.

आपल्याकडचे जुने व्हायाडक्ट बघायचे तर भोर आणि कसारा घाट. १८६३ आणि १८६५ मध्ये हे घाट खुले झाले. तेव्हा ना प्रीस्ट्रेस ना जॅक, होते गवंडी, चुना आणि लाकडी कैच्या. दगडी कमान बांधायला खालून लाकडाचा सांगाडा लागतो, म्हणून दरी खोल झाली की कमान परवडत नाही. कसारा घाटातल्या एहेगावच्या व्हायाडक्टवर मध्ये, खोल भागात, लोखंडी गर्डर टाकले आणि कडेला दगडी कमानी ठेवल्या. सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती, जिथे सांगाडा परवडला तिथे कमान. भोर घाटातला एक मोठा दगडी व्हायाडक्ट मात्र १८६७ च्या पावसाळ्यात, चार वर्षांतच कोसळला. बाहेरून घडीव दगड, आत निकृष्ट चुन्यातलं डबर. पाणी आत शिरलं की असं बांधकाम बाहेरून शाबूत दिसतं आणि आतून मोकळं होत जातं. त्यानंतर त्या लाइनवरच्या दगडी पुलांची तपासणी होऊन बरंच बांधकाम पुन्हा करावं लागलं.

शहरातले व्हायाडक्ट वेगळ्या पद्धतीने आखले जातात. मुंबई मेट्रोखाली दरी नाही, खाली ट्रॅफिक आहे. म्हणून यार्डात ओतलेले सेगमेंट, म्हणजे गर्डरचे तुकडे, रात्री ट्रेलरवरून आणायचे, वरच्या लाँचरला (खांबांवर बसवलेल्या, तुकडे उचलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला) टांगायचे, इपॉक्सी लावून चिकटवायचे आणि केबल्स ताणायच्या. गाळा पंचवीस-तीस मीटरच्या आसपास राहतो, कारण लाँचर, ट्रेलर आणि चौकातलं वळण या तिघांना तेवढंच झेपतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बऱ्याच भागात याच्या पुढची पायरी आहे: चाळीस मीटरचा अख्खा गर्डर, वजन ९७० टन, यार्डात एकसंध ओतायचा आणि आधीच बांधलेल्या व्हायाडक्टवरूनच चाकांच्या गाडीने पुढे न्यायचा. म्हणजे त्या पुलाला आयुष्यात पेलावं लागणारं सगळ्यात मोठं ओझं प्रवासी गाडीचं नसून त्याच्याच पुढच्या भावंडाचं आहे. बांधताना पूल सगळ्यात जास्त धोक्यात असतो हे आपल्याला समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ दिसलं. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री लाँचर आणि गर्डर खाली आले आणि वीस माणसं गेली.

बांधून झाल्यावर पुलाला मारणारं एकच: पाणी, विशेषतः खारं किंवा साचलेलं. इटलीतल्या जिनोव्हाचा पोल्चेव्हेरा व्हायाडक्ट १९६७ चा. पूल वरून तोलून धरणाऱ्या त्याच्या तिरक्या पोलादी केबल्सवर काँक्रीटचं आवरण होतं, त्यामुळे आत गंज चढत होता तो डोळ्यांना दिसत नव्हता. १४ ऑगस्ट २०१८ ला तो पडला, ४३ माणसं गेली. म्हणून तपासणीला गेलं की आधी खाली, बेअरिंगपाशी बघायचं. वरची तुंबलेली पाणीवाट, तिच्याखाली बेअरिंगवर ओघळलेला गंज, बॉक्सच्या आत छताला पांढरे चुन्यासारखे ओघळ, केबलच्या टोकांपाशी ओल. बॉक्सच्या आत शिरायला मॅनहोल असतं. आत अंधार, वटवाघळं आणि गुडघ्यावर चालणं. पण टॉर्च तिरपी धरून भिंतीवर मारली की केसाएवढी चीरसुद्धा सावली टाकते. समोरून उजेड मारणाऱ्याला ती दिसत नाही.

शेवटचा मुद्दा वाऱ्याचा. रेल्वेच्या पुलांच्या नियमात असं गृहीत धरलं आहे की ब्रॉडगेज पुलावर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला १५० किलोच्या वर गेला तर त्यावर गाडी नसेल. त्याच्यावरच्या वाऱ्यासाठी पूल रिकामा धरून तपासतात. असा दाब यायला ताशी १८० किलोमीटरच्या आसपासचा वारा लागतो. गाड्या त्याच्या बऱ्याच आधी थांबवतात. पानवलच्या व्हायाडक्टवर, मांडवी आणि झुआरीच्या पुलांवर आणि कर्नाटकात शरावतीच्या पुलावर कोकण रेल्वेने वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवली आहेत. याच मार्गावर ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो गाड्याही जातात. ताडपत्री बांधलेला उंच ट्रक डब्यापेक्षा वारा वाईट पकडतो, त्यामुळे वाऱ्याची काळजी करायचीच तर पुलापेक्षा त्या ट्रकची जास्त करावी.